एक तुकडा कमी

सोलापुरात कुणी नोकरी सोडली की तो पुण्याला गेला असं न विचारताच धरून चालायचं असतं. आमचे भाचे-पुतणे गेले, शेजारचे गेले, माझ्याकडे टायपिंग शिकलेली निम्मी पोरं गेली. भूमेश मात्र मंगळवेढ्याला गेला. मंगळवेढ्याला लोक ज्वारी आणायला जातात, नाहीतर पाव्हण्यांकडे. सोलापूर सोडून कम्प्युटर शिकवायला तिकडे गेलेला माझ्या ओळखीत हा एकच माणूस आहे, आणि तो का गेला हे मला अजून कुणीतरी आठवड्यातून एकदा विचारतंच. दर वेळी तोंडी सांगून घसा दुखतो. म्हणून लिहून काढते.

शुक्रवार पेठेत भांड्यांच्या दुकानावर आमचा क्लास आहे. पुढच्या खोलीत मी टायपिंग शिकवते. मागच्या खोलीत भूमेश प्रोग्रामिंग शिकवायचा. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला. पोरांसमोर मी त्याला सर म्हणायचे, जिन्यात भूमेश. तो मला सगळीकडे ताई म्हणायचा. मी मुळात बसून राहणारी बाई. एकदा बूड टेकलं की चहा आल्याशिवाय उठायची नाही. आणि हा माणूस वीस वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत एकदाही बसला नाही.

खोटं वाटेल, पण खरं आहे. आमचे मालक शिवशरण काका यांनी एका दिवाळीला त्याच्यासाठी फिरती खुर्ची आणली. तिच्यावर त्याच्या डब्याची पिशवी बसायची. तो उभ्यानं शिकवायचा, उभ्यानं खायचा, चहा अर्धा पिऊन कप खिडकीत ठेवायचा आणि उरलेला अर्धा चहा प्यायला तासाभरानं परत यायचा. पोरांच्या रांगांमधून त्याच्या चपलांचा आवाज सारखा चालू असायचा, इतका की तो थांबला की माझी पोरं टाइप करायची थांबायची. तरुणपणी एकदा मुलगी बघायला गेला तर पोह्यांची बशी हातात घेऊन त्या लोकांच्या अंगणात फेऱ्या मारत राहिला. मुलीच्या बापाला वाटलं, हा पळून जायची वाट शोधतोय. लग्न जमलं नाही ते नाहीच.

त्याची आई, अंबव्वा, गल्लीत दारात बसून मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. घरात त्यांचं तेलुगू. मला त्यातला एकच शब्द पक्का येतो, कारण तिथं गेलं की तोच कानावर पडायचा: "कूर्चो!" म्हणजे बस. "कूर्चो रा, भूमेश, कूर्चो!" पन्नाशीच्या लेकाला ती म्हातारी असं दिवसातून दहा वेळा सांगायची आणि तो दहा वेळा "हां, हां" म्हणत उंबऱ्यातून आत-बाहेर करायचा.

शिकवायचा मात्र असा की मागच्या बाकावरचं पोरगंही मान वर करून बघायचं. वर्गमूळ शिकवायचा दिवस तर आमच्या क्लासमध्ये सणासारखाच. त्या दिवशी तो टॉवेलच्या कारखान्यातून नॅपकिनच्या कापलेल्या चौकोनी तुकड्यांची पिशवी घेऊन यायचा. मागच्या खोलीतली टेबलं भिंतीला सरकवायची, तुकडे फरशीवर ओतायचे आणि पोरांना म्हणायचं, "वाकळ शिवायची हाय. चौरस पायजे. जेवढी मोठी व्हईल तेवढी मोठी. तुकडा फाडायचा न्हाय, उसना आणायचा न्हाय." पोरं गुडघ्यांवर रांगत गोधडीसारखे तुकडे मांडायची. पन्नास तुकडे असले की सात ओळी, ओळीत सात. मग सर विचारणार, "उरलं किती?"

"एक, सर!"

"सात हे उत्तर. एक उरला. हेच पूर्णांकी वर्गमूळ. घाबरायचं काय त्यात?"

उरलेला तुकडा तो रुमाल म्हणून खिशात घालायचा. त्याच्या खिशात कायम असा कुठल्या तरी बॅचचा एक तुकडा असायचा. आणि "उरलं किती?" हे त्याचं तोंडचं वाक्य झालं होतं. पोरगं म्हणालं, सर प्रोग्राम झाला, तरी हा विचारणार, उरलं किती. मी म्हटलं, भूमेश, आज जेवलास का, तर म्हणायचा, जेवलो, आणि स्वतःच डब्यात डोकावून बघायचा उरलं किती ते.

फरशीवरची वाकळ झाली की तो पोरांना पायथनमधली ओळ द्यायचा. पायथन ही ती कम्प्युटरची भाषा. तिच्यात वर्गमूळ काढणारं आयतं फंक्शन आहे. ते अपूर्णांकात उत्तर देतं, सात पॉइंट शून्य सात अमुक. त्याच्यावर दुसरं आयतं फंक्शन लावायचं, ते पॉइंटच्या पुढचं कापून टाकतं. उरले सात. दोन फंक्शनं, एक ओळ, काम फत्ते. मला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण इतक्या वर्षांत भिंतीपलीकडून ऐकून ही ओळ मलाही पाठ झाली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी बॅचमध्ये इम्रान नावाचा मुलगा होता, हुशार आणि तेवढाच वात्रट. सगळ्यांची वाकळ बरोबर येत होती. याला कंटाळा आला. तुकड्यांचा आकडा विचारला तिथं तो नऊचं बटण टकटक दाबत बसला आणि मग चालवला प्रोग्राम. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "सर, ये तो मायनस में आया. उरलं किती, तर उणे एक!"

सगळी हसली. मीही इकडे हसले. आणि मग माझ्या लक्षात आलं की चपलांचा आवाज थांबलाय.

मी उठून बघायला गेले, यावरून काय ते समजा. भूमेश इम्रानच्या पडद्यापुढे वाकून उभा होता आणि बोटानं नऊ मोजत होता. सोळा भरले. प्रोग्रामनं सांगितलं होतं, दहा कोटी ओळींची वाकळ, ओळीत दहा कोटी तुकडे. पण तेवढ्या वाकळीला तुकडे लागतात एकावर सोळा शून्यं. पोरानं दिलेले तुकडे त्याहून एकानं कमी. म्हणजे यंत्रानं एक तुकडा उसना आणला होता, कुणाला न विचारता.

का, ते त्यानं मला नंतर खिडकीत उभं राहून समजावलं. अपूर्णांकाच्या हिशेबात यंत्राकडे आकडे ठेवायला जागा ठरलेली असते. सोळा नव्वे, म्हणजे ओळीनं सोळा वेळा नऊ, त्या जागेत मावत नाहीत. मग ते जवळचा मावेल असा आकडा धरतं, आणि इथं जवळचा आकडा होता एकावर सोळा शून्यं. "हजाराला बरोबर, लाखाला बरोबर, कोटीला बरोबर," तो म्हणाला, "म्हणून वीस वर्षं कळलं न्हाय. मधी पायथनमदी नवीन फंक्शन आलं, ताई. ते पॉइंटच्या वाटंला जातच न्हाय, पूर्णांकातच काम करतंय. एकच आयतं फंक्शन, आणि कायम बरोबर. ते आलं आणि मी बघितलंच न्हाय. जुनं चालतंय म्हणून."

"मग आता नवीन शिकव," मी म्हटलं. "एवढं काय त्यात?"

शिवशरण काकांनाही तेच वाटलं. ते म्हणाले, "एक तुकडा कमी पडला तर ओढून घ्यायचा की हो, सर. वाकळ हाय, ताणली की बसती. तुमचं नवीन फंक्शन काय म्हणतंय?"

नवीन फंक्शन म्हणत होतं, एक ओळ कमी करा. मग उरलं किती, तर वीस कोटीला दोन कमी. काकांनी कपाळाला हात लावला. "एका तुकड्यापायी वीस कोट तुकडे बाजूला टाकायचे? हे कुठलं गणित!"

"न्हाय तर न्हाय, काका," भूमेश म्हणाला. "तुकडा न्हाय म्हटल्यावर ती वाकळ न्हाय."

तिथून त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. आधी तो खोलीत फिरायचा, आता गावभर फिरायला लागला. ज्या ज्या पोरांना ती ओळ शिकवली त्यांना गाठून सांगायचं, असं त्यानं डोक्यात घेतलं. फोन लावायचा, लागला नाही तर घरी जायचा. एका रविवारी मला बसमध्ये घालून, स्वतः दांडी धरून उभा, कुंभारीला नेलं. तिथं त्याचा राजू नावाचा जुना विद्यार्थी राहतो. राजू दारात शाळेची व्हॅन धूत होता. सरांना बघून पाण्याचा पाइप टाकून पाया पडला. भूमेशनं तिथंच, व्हॅनला टेकून, सोळा नव्व्यांचं सगळं सांगितलं. राजूनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, मी आता व्हॅन चालवायलोय," तो म्हणाला. "वर्गमूळ काढायची पाळी येत न्हाय की मला."

"आली तर?"

राजूनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हण बाबा, म्हण. तेव्हा त्यानं नवीन फंक्शनचं नाव दोनदा म्हणून दाखवलं आणि आम्ही सुटलो. जाताना भूमेश म्हणाला, "एक झाला."

मी त्याला वेड्यात काढलं. सरळ तोंडावर सांगितलं, की लोकांना तुझी ओळ आठवतसुद्धा नाही, तू कशाला घरोघर जाऊन स्वतःची अब्रू घालवतोस? त्याचं उत्तर मला त्याच्या आईकडून मिळालं.

भूमेशचा बाप, नरसय्या, चादरी विणायचा. एकदा शेजारच्या गल्लीतल्या लग्नासाठी यांच्या घरून आहेराच्या चादरी गेल्या. गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की एका चादरीत सुताची तार तुटलेली आहे आणि नक्षी एका बोटानं सरकलीय. तो तसाच उठला, चांगली चादर काखेत मारली आणि ऐन लग्नात, अक्षता पडायच्या आधी, आहेराच्या ढिगातून ती चादर उपसून काढली. चार लोकांत. वराकडच्यांना वाटलं आहेर परत नेतोय. नको तो तमाशा झाला.

"लग्नात रे बाबा, लग्नात!" अंबव्वा मला सांगताना अजून लालबुंद होत होती. "मी म्हन्ले, उद्या जा की! उद्या लग्न पळून जातंय का? तो म्हन्ला, उद्या नवरीनं अंगावर घेतली असंल. अय्यो! त्या घरानं परत आमच्याशी तोंड उघडलं न्हाय. मरंपर्यंत न्हाय."

भूमेश तेव्हा आत-बाहेर करत होता. "कूर्चो रा!" ती ओरडली.

त्याच सुमारास सविताचं आमंत्रण आलं.

सविता ही भूमेशची लाडकी विद्यार्थिनी. मंगळवेढ्याच्या बाजूची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. सोलापुरात मामाकडे राहून शिकली आणि पुण्याला जायचं सोडून स्वतःच्या गावाकडे क्लास काढायला निघाली. तिच्या वडिलांनी, बिरू अण्णांनी, कळपातली निम्मी मेंढरं विकून चार कम्प्युटर घेऊन दिले होते. भावकीनं त्यांना येड्यात काढलं होतं. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे भूमेश सर. गावातली पालक मंडळी बोलावलेली, पोरांची नावं त्याच दिवशी घालायची. क्लास चालतो की बुडतो ते त्या एका सकाळवर होतं.

सविताला तो हे सांगायला अजून भेटला नव्हता. फोनवर ती घाईत असायची, सर, आलात की बोलू. बसमध्ये उभ्या-उभ्या त्यानं मला सांगितलं, "कार्यक्रम झाला की तिला बाजूला घेऊन सांगतो. मग जेवतो."

"शहाणा आहेस," मी म्हटलं. बस निम्मी रिकामी होती.

मंगळवेढ्याच्या बाजारपेठेतल्या एका गाळ्यात क्लास थाटला होता. दाराला झेंडूचं तोरण, आत सतरंजीवर पालक आणि पोरं, कडेला चार कम्प्युटर हार घालून मांडलेले. आणि समोरच्या भिंतीवर, जिथं शाळेत सुविचार रंगवतात तिथं, निळ्या ऑइल पेंटनं हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेली ती ओळ. दोन आयती फंक्शनं, कंस, सगळं जागच्या जागी. खाली लिहिलेलं: भूमेश सर.

सविता हसत पुढं आली. "सर, मीच रंगवली. पैल्या दिवशी शिकवलेली तुमी. म्हटलं, क्लासात देवाचा फोटो एका भिंतीला, आणि तुमची ओळ एका भिंतीला."

मी भूमेशचा शर्ट मागून धरला. खरंच धरला. मला त्याचा बाप आठवला होता.

नारळ फुटला. शाल आली, श्रीफळ आलं. पाहुण्यांसाठी लाल खुर्ची मांडली होती, तिच्यावर त्यानं शाल ठेवली आणि तिच्या बाजूला उभा राहिला. सविता पालकांना सांगत होती, सरांची शिकवण कशी, नॅपकिनचे तुकडे कसे, ही भिंतीवरची ओळ कशी. लोक ओळीकडे बघून माना डोलावत होते. मग ती म्हणाली, "आता सर दोन शब्द बोलतील."

"ती भिंतीवरची ओळ चुकीची हाय," भूमेश म्हणाला.

दोन शब्दांच्या जागी पाच झाले, पण पुरले. डोलणाऱ्या माना थांबल्या. तो पुढं बोलत राहिला, फेऱ्या मारत, हात हलवत. ओळ मी शिकवली, मलाच ठाऊक नव्हतं, पोरीचा दोष नाही. एका कम्प्युटरचा हार बाजूला करून त्यानं सोळा नव्वे दाबले आणि पडद्यावर उणे एक दाखवला. त्याला वाटत होतं, दाखवलं की लोकांना कळेल. लोकांना एवढंच कळलं की सोलापूरहून आलेला मास्तर म्हणतोय, हितं चुकीचं लिहिलंय.

"म्हंजे पोरीला चुकीचंच शिकवलं व्हय?" मागून एकानं विचारलं.

"तिला न्हाय हो चुकलं, मला चुकलं."

"मग तीच आमच्या पोरास्नी शिकवणार न्हवं?"

एक बाई पोराचा हात धरून उठली. तिच्यामागं आणखी दोघं उठले. बिरू अण्णा पटका सारखा करत पुढं आले. आवाज चढवला नाही त्यांनी, त्यानंच मला जास्त लागलं. "सर, तुमी घरला येऊन सांगायचं व्हतं की," ते म्हणाले. "आमी काय न्हाय म्हणलो असतो? आजच्याच दिशी चार लोकांत बोलायचं व्हतं का?"

सविता एका कोपऱ्यात उभी होती. रडली नाही. तिनं शाल घडी केली, नारळासोबत पिशवीत घातली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ताई, बस चुकंल तुमची."

जेवणाला कुणी थांबवलं नाही. परतीच्या बसमध्ये मी त्याला हवं ते बोलले. मला राग आला होता, लाज वाटत होती, आणि त्या पोरीचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं. "उद्या सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं.

"ती भिंत वाचायला पोरं समोर बसली हुती, ताई," वरची दांडी धरून तो म्हणाला. एवढंच. सोलापूर येईपर्यंत तो माझ्या सीटपासून ड्रायव्हरपर्यंत आणि परत, असा चालत होता. कंडक्टरनं दोनदा विचारलं, पोटात दुखतंय का.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सविता त्याचा फोन घेत नव्हती. तो शिकवायचा, पण मध्येच पोरांना तसंच सोडून जिन्यात जायचा. माझ्या फोनची रिंग वाजली की मागच्या खोलीतून चपला धावत यायच्या. "तिचा हाय का?" नसायचा. अर्धे चहाचे कप खिडकीत साठायला लागले, परत प्यायला तो येतच नव्हता. कुणीतरी सांगितलं की सविताकडे जेमतेम पाच-सहा पोरं आली आहेत. ते ऐकून त्यानं माझ्यासमोर स्वतःच्या कपाळावर थाप मारून घेतली. "बापानं चादर तरी बदलून दिली हुती, ताई. मी काय दिलं तिला?" माझ्या मनात आलं, की त्या घरानं मरेपर्यंत तोंड उघडलं नव्हतं, चादर बदलून देऊनसुद्धा.

मग एके दिवशी फोन आला, तोही त्याला नाही, मला. "ताई, सरांना म्हणावं रविवारी या," सविता म्हणाली. "भिंत तशीच हाय. येताना पांढरा ऑइल पेंट आणा म्हणावं. आणि ब्रश." आवाजावरून काही कळत नव्हतं.

भूमेशनं हे ऐकलं आणि तो तिथल्या तिथं रंगाच्या दुकानाकडे निघाला. मी मागून ओरडले, अरे आज मंगळवार आहे!

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा तोरणातला झेंडू वाळून काळा पडला होता. आत सहा पोरं सतरंजीवर बसली होती आणि त्यांच्यापुढं फरशीवर चिंध्या मांडलेल्या होत्या, लुगड्याच्या, सदऱ्याच्या, घोंगडीच्यासुद्धा. वाकळ चालली होती. मी बघितलं, भूमेशनं बघितलं, आणि सवितानं आमच्याकडं न बघता पोरांना विचारलं, "उरलं किती?"

"चार, मॅडम!"

मग ती उठली. "मी पुसली न्हाय ओळ," ती म्हणाली. "लई राग आला हुता सर मला. रातोरात पुसून टाकावी असं वाटलं. पर पुसली असती तर लोक म्हणले असते, लपवली. मग रोज पोरांना तीच दाखवली. सोळा नव्वे दाबा म्हटलं. रोज उणे एक येतंय. त्या कोपऱ्यातल्या पोराचा बाप बघायला आला, त्यालाबी दाखवला." तिनं स्टूल भिंतीशी ओढलं. "सांगितली तुमी, रंगवली मी. आता दोघांनी पुसायची."

रंगाचा डबा उघडायला भूमेशला तीन वेळा झटापट करावी लागली. सविता वरची अक्षरं घेत होती, स्टुलावर चढून, तो खालची. ब्रश त्याच्या हातात घाईघाईनं चालत होता, ओघळ येत होते आणि तो ते खिशातल्या नॅपकिनच्या तुकड्यानं पुसत होता. स्वतःच्या नावावर आला तेव्हा मात्र त्यानं एकाच हातात ते झाकून टाकलं.

पांढऱ्याखालून निळी अक्षरं पुसट दिसतच होती. तो म्हणाला, दुसरा हात मारू. सविता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, सर. दिसू द्या की. पोरं इचारतील, मी सांगीन. वाळल्यावर नवीन ओळ ह्याच्यावरच लिहू." तेवढ्यात एक चिमुरडी बोट पुढं करून भिंतीपाशी आली. सवितानं तिला मागं ओढलं. "सर, तुमी जरा हितं बसा. पोरं हात लावतील रंगाला. वाळंपातूर बसा."

मला दुपारची बस गाठायची होती. भूमेश म्हणाला, तुम्ही व्हा पुढं ताई, मी येतो मागून. मी चप्पल घालून रस्त्यावर आले आणि सवयीनं मागं वळून बघितलं. उघड्या दारातून आतली ओली पांढरी भिंत दिसत होती आणि तिच्या पायथ्याशी, सतरंजीवर, मांडी घालून भूमेश बसला होता. हातात रंगानं भरलेला तुकडा, पाय हलत नव्हते, मान हलत नव्हती. पोरं त्याच्याकडं बघत होती आणि तो पोरांकडं. मी रस्त्यात तशीच उभी राहिले, मागून मोटरसायकलवाल्यानं हॉर्न मारेपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायचं कारण नाही. मग बस आली. त्याला मी बघितलं ते तेवढंच. फोन येतात, सविताच्याच क्लासात शिकवतो, पुढं आईलाही तो तिकडेच घेऊन गेला, पण आमच्या क्लासचा जिना तो पुन्हा चढला नाही.

त्या दिवशी सोलापुरात उतरल्यावर मी आधी अंबव्वाकडे गेले. ती दारात विड्या वळत होती. मी तिला म्हटलं, "मावशी, तुमचा भूमेश आज बसला."

तिचे हात थांबले. "कूर्चुन्नाडा?" तिनं विचारलं. मग माझ्यासाठी मराठीत, "बसला? ताप-बिप आला काय त्याला?"

"चांगला मांडी घालून बसलाय. भिंतीचा रंग वाळेपर्यंत बसणार आहे."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं, हात कपाळाशी धरून उन्हाकडे बघितलं. "ह्या उन्हात रंग वाळायला कितीसा वेळ?" ती म्हणाली. "येईलच आता." आणि गुडघ्यावर हात ठेवून, त्याच्या वाटणीचे तांदूळ धुवायला आत गेली. ऑइल पेंट वाळायला रात्र जाते हे मी तिला सांगितलं नाही.